दांडा बघितलास?

मोठ्या रस्त्याला लागून, टायरवाल्याच्या आणि चहाच्या टपरीच्या मधोमध, लॉरीच्या स्प्रिंगचे पोलादी पाटे दुरुस्त करायची एक भट्टी होती. तिच्यावर पाटी नव्हती आणि पाटीची गरजही नव्हती. गाडीचा पाटा तुटला की ड्रायव्हर एकमेकांना सांगत, "मुक्यांच्या भट्टीवर जा. काम चोख आहे आणि डोकं खात नाहीत." त्या भट्टीवर दोन सख्खे भाऊ काम करत. दोघांनाही चांगली खणखणीत जीभ होती. ती ते एकमेकांसाठी वापरत नसत, एवढंच.

थोरल्याला सगळे मिस्त्री म्हणत. तापलेला पाटा सांडशीत धरून तो ऐरणीवर ठेवायचा आणि उजव्या हातातल्या लहान हातोड्यानं दाखवायचा, घाव इथे. धाकटा समोर उभा राहून भलामोठा घण नेमका तिथे आणायचा. लोखंडावर एकदा टकटक केलं की इथे मार. ऐरणीवर दोनदा वाजवलं की जोर कमी कर. हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला की थांब. ही बोली त्यांच्या बापानं त्यांना शिकवली होती आणि तिच्यावर दिवसभराचं काम बिनबोभाट निभत होतं. ज्याला अबोला धरायचाय त्याला याहून सोयीचा धंदा शोधूनही सापडायचा नाही. सहा वर्षं दोघांनी तो धरला होता.

एकच गोष्ट मात्र हातोड्यानं विचारता येत नव्हती. लाकूड सुकतं आणि दांड्यावरचा घण सैल होतो, म्हणून रोज संध्याकाळी घण पाण्याच्या टाकीत उभे करून ठेवायचे. रात्रभरात लाकूड फुगतं आणि लोखंडाला घट्ट धरतं. पण ठेवायला विसरलं, टाकी आटली, पाचर निसटली, तर काय घ्या? घण मारणाऱ्याची नजर लोखंडावर असते, दांड्याची मान, म्हणजे घण बसतो ती जागा, त्याला दिसत नाही. ती दिसते समोरच्याला. म्हणून बापाचा दंडक असा होता, की सकाळी पहिला घाव पडायच्या आधी सांडशीवाल्यानं विचारायचं, "दांडा बघितलास?" आणि घणवाल्यानं मान बघून, पाचर अंगठ्यानं दाबून उत्तर द्यायचं, "बघितला." बापानं हे आयुष्यभर विचारलं. बापामागून मिस्त्री विचारू लागला आणि धाकटा शाळेतल्या हजेरीसारखं कंटाळून उत्तर देऊ लागला, "बघितला, दादा."

भांडण झालं आणि हा प्रश्न बंद पडला. आता विचारायचं म्हणजे बोलायचं. धाकटा आपला आपण दांडा बघायचा, मिस्त्री डोळ्याच्या कोपऱ्यातून तो बघतोय का ते बघायचा, आणि काम सुरू व्हायचं. सहा वर्षं काही बिघडलं नाही, त्यामुळे दोघांनाही वाटलं की असंही चालतं.

भांडण कशावरून, तर अगदी फुटकळ गोष्टीवरून. मिस्त्रीचा राग नाकावर. लोखंड निवलं तरी ओरडेल, चहा गार आला तरी ओरडेल, आणि पुढच्याच मिनिटाला "घे रे, तूही घे" म्हणून अर्धा चहा पुढे करेल. अशा माणसाला लोक मनानं चांगला म्हणतात. मला विचाराल तर मनाचा चांगुलपणा पोटात ठेवून तोंडानं लोकांची सालं काढणाऱ्याचं एवढं कौतुक करू नये. घाव बसतो तो तोंडाचाच.

एकदा मिस्त्री बाहेर गेला असताना धाकट्यानं एकट्यानं एक पाटा घडवला. टायरवाल्याला सांडशी धरायला लावली, बाक दिला, पाणी दिलं आणि गाडीला बसवला. आयुष्यातलं त्याचं पहिलं अख्खं काम. मिस्त्री परत आला, त्यानं पाट्याला माप लावलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ड्रायव्हर, क्लीनर, टायरवाला सगळे बघत असताना त्यानं तो पाटा खोलला आणि भंगारात भिरकावला. "हा लॉरीचा पाटा आहे, तुझ्या बायकोच्या चुलीतलं सरपण नाही!" बायकोचं नाव निघाल्यावर धाकटाही गप्प बसेना. शब्दाला शब्द वाढला. शेवटी धाकटा म्हणाला, "आजपासून तुझ्याशी बोललो तर बापाचं नाव लावणार नाही."

"नको बोलूस," मिस्त्री म्हणाला. "घण मार. तेवढं पुरे."

ते "तेवढं पुरे" धाकट्याच्या काळजात रुतलं. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला, घण उचलला आणि तोंड मिटून उभा राहिला. दुपारी तो चहाला गेल्यावर मिस्त्रीनं भंगारातून तो पाटा काढला आणि पुन्हा मापाला लावला. बाक बरोबर होता. आदल्या दिवशी त्यानंच भलत्या गाडीचं माप लावलं होतं. पाटा हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. धाकट्याची पावलं वाजली तसा त्यानं तो पुन्हा भंगारात टाकून दिला. चार दिवसांनी सांगू, असं त्यानं ठरवलं. ते चार दिवस काही संपले नाहीत.

घरी दोघांची दारं एकाच अंगणात उघडत. जावांचं मात्र छान जमे. त्या एकमेकींच्या डोक्याला तेल लावत आणि नवऱ्यांना नावं ठेवत. मिस्त्रीला मूलबाळ नव्हतं. धाकट्याला एकच मुलगी होती आणि तिच्यावर दोन्ही घरांचा जीव होता. सहा वर्षं दोन भावांमधला सगळा व्यवहार याच पोरीच्या तोंडून चालला, म्हणून मिस्त्रीनं तिचं नाव टपाल ठेवलं आणि मग अख्खा रस्ता तिला टपाल म्हणू लागला. दुपारी शाळा सुटली की ती दोघांचा डबा घेऊन भट्टीवर यायची. दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवायला बसत आणि ती मध्ये बसून इकडचं तिकडे करायची.

"त्या खडूसाला सांग, उद्या लवकर यायचंय," बाप म्हणायचा.

"काका, बाबा विचारतायत, उद्या लवकर यायला जमेल का?" ती हातभर अंतरावरून सांगायची.

"त्याला म्हणावं, मला शिकवू नकोस."

"बाबा, काका हो म्हणाले."

दोघांनाही दोन्ही बाजू ऐकू येत असत. पण पोरीनं जे सांगितलं तेच खरं धरायचं, असा न बोलता झालेला करार होता. ती नसती तर ही भट्टी केव्हाच बंद पडली असती.

ती दहावीला असताना इंग्रजीच्या बाईंनी वर्गाला रागावरचे वाक्प्रचार पाठ करायला दिले. एका दुपारी ती डब्याबरोबर पुस्तकही घेऊन आली.

"काका, माणूस भडकला की इंग्रजीत काय म्हणतात माहितेय? फ्लाय ऑफ द हँडल."

"म्हणजे काय?"

"फ्लाय म्हणजे उडणे, हँडल म्हणजे दांडा. दांड्यावरून उडणे. अर्थ दिलाय, एकदम संतापणे, ताबा सुटणे."

दोघांचेही घास हातात थांबले. "दांड्यावरून कोण उडतं?" मिस्त्रीनं विचारलं.

"बाई म्हणाल्या, पूर्वी कुऱ्हाडीचं पातं नाहीतर हातोडा असा उडायचा, त्यावरून आलंय. पण वापरायचं माणसाबद्दल. आणि उगाच थोडासा राग आला तर नाही म्हणायचं. क्षुल्लक कारणावरून कुणी एकदम भडकलं, तरच."

"ज्यानं हे काढलं त्यानं घण धरलेला दिसतोय," मिस्त्री म्हणाला. त्याला मनापासून मजा वाटली.

"वाक्यात उपयोगपण करायचाय. मी केलाय. माय अंकल फ्लाइज ऑफ द हँडल एव्हरी डे."

"आता याचा अर्थ सांग."

"माझे काका रोज दांड्यावरून उडतात."

धाकट्याला ठसका लागला. पाणी प्यायला तो वळला, तर मिस्त्रीही हसत हसत वळलेला. सहा वर्षांत पहिल्यांदा दोघं एकाच गोष्टीला एकाच वेळी हसले होते आणि समोरासमोर हसत होते. मिस्त्रीच्या अगदी जिभेवर आलं, "हसतोस काय रे?" तेवढं म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं, हे त्याला त्या क्षणीही कळत होतं. पण आधी कोण, हा प्रश्न उभा राहिला. धाकट्यानं नजर खाली घातली आणि तो पोरीला म्हणाला, "तुझ्या पुस्तकाला सांग, घण एकदम कधी उडत नाही. आधी सांगत असतो. आवाज बदलतो, मानेपाशी लाकूड चकाकायला लागतं. बघणारा पाहिजे."

"बाबा, परीक्षेत एवढं लिहिलं तर बाई मार्क कापतील," टपाल म्हणाली आणि तिनं 'एकदम'च लिहिलं.

खरंय त्याचं, मिस्त्रीला वाटलं. तो पोरीला म्हणाला, "जेव तू, गार होतंय."

पुढे उन्हाळा लागला आणि धाकटा तापानं आठवडाभर अंथरुणाला खिळला. एकट्यानं पाटा घडत नाही, म्हणून भट्टी बंद राहिली. टाकीतलं पाणी आटलं आणि घण कोपऱ्यात कोरडे पडून राहिले. मिस्त्री त्या आठवड्यात अंगणात नुसता येरझारा घालत होता. डॉक्टरला त्यानंच बोलावलं, औषधं बायकोच्या हाती पाठवली, आणि संध्याकाळी भावाच्या खिडकीखाली स्टूल टाकून विडी न पेटवता बसून राहायचा. आतून खोकला ऐकू आला की त्याचा जीव वरखाली व्हायचा. खोकला थांबला की आणखीच व्हायचा.

"आत जा की," बायको म्हणाली. "काय तो खाणार आहे तुम्हाला?"

"त्यानं हाक मारली तर जाईन."

"आणि त्यालाही असंच वाटत असेल तर?"

यावर मिस्त्री तिच्यावरच खेकसला.

ताप उतरला. भट्टी उघडायची त्या सकाळी टपाल शाळेचं दप्तर पाठीला लावून काकांच्या दारात आली. रोजच्यासारखी हसली नाही.

"काका, बाबांनी निरोप दिलाय. महिनाअखेर ते दुसऱ्या भट्टीवर जाणार आहेत. तिकडून बोलावणं आलंय. तिथं ते मिस्त्री असतील."

निरोपाची धार बोथट करण्यात ही पोरगी तरबेज. पण या निरोपाला तिला काही करता आलं नाही. मिस्त्रीच्या पोटात खड्डा पडला. आणि या माणसाची तऱ्हा अशी, की पोटात खड्डा पडला की तो भरायला राग तयारच असायचा. "त्याला सांग," तो ओरडला, "महिनाअखेरीची वाट कशाला बघतोस? दार उघडं आहे म्हणावं!"

"हे मी नाही सांगणार," टपाल म्हणाली. तिनं निरोप नाकारायची ही पहिलीच वेळ. "तुमचं तुम्ही सांगा." आणि ती शाळेत निघून गेली.

भट्टीवर एक ड्रायव्हर आधीच येऊन बसला होता. माल भरलेली गाडी, मधला पाटा तुटलेला, आणि त्याला दुपारच्या आत निघायचं होतं. मिस्त्रीनं निखारे फुलवले. धाकटा आला. चेहरा ओढलेला, सदरा अंगावर लोंबत होता. त्यानं कोपऱ्यातला घण उचलला, दांड्याचं बूड दोनदा जमिनीवर आपटलं आणि जागेवर येऊन उभा राहिला. दांड्याची मान त्यानं बघितली नाही. अंगात त्राण नव्हतं, ड्रायव्हर घाई करत होता, आणि मनात कदाचित दुसरीच भट्टी असेल. मिस्त्रीच्या हे लक्षात आलं. पण पाटा तापला होता आणि काम सुरू झालं.

पहिल्या तावाला, म्हणजे पाटा पहिल्यांदा तापवून ठोकला तेव्हा, सगळं ठीक होतं. दुसऱ्या तावाला आवाज बदलला. घावाचा खण्णकन वाजणारा सूर जरा बसका झाला. धाकट्याच्या कानात तापाची औषधं गुणगुणत असावीत, एरवी हा आवाज त्याच्या आधी कुणाला कळला नसता. तिसऱ्या तावाला घण वर गेला तेव्हा मिस्त्रीला लोखंडाखाली लाकडाची नखभर पट्टी दिसली. आतापर्यंत घणाच्या आत दडलेली ती पट्टी कोरी आणि चकचकीत होती.

मिस्त्रीनं हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला.

धाकटा थांबला. कपाळावरचा घाम बाहीला पुसून तो भावाकडे बघत राहिला. का थांबवलं, हे त्याला कळेना. काम चुकलं, की पुन्हा मारणाऱ्याची चूक निघणार?

"काय झालं मिस्त्री?" ड्रायव्हरनं विचारलं.

दोन शब्दांचं काम होतं. 'दांडा बघ.' एकेकाळी रोज सकाळी म्हटलेले शब्द. ते मिस्त्रीच्या घशापर्यंत आले, आणि त्यांच्या आधी दुसरंच काही मनात आलं. ते मी लपवणार नाही, कारण त्यानंही नंतर लपवलं नाही. 'जायचंय ना तुला? मिस्त्री व्हायचंय ना? मग आपला दांडा आपण बघ.'

हा विचार क्षणभरच टिकला. लगेच त्याची त्यालाच लाज वाटली. ड्रायव्हरकडून सांगता आलं असतं, पण घरचं भांडण परक्याच्या तोंडी द्यायचं नाही, एवढी अब्रू त्यानं सहा वर्षं राखली होती. मग त्यानं मनाशी हिशेब केला. पोरगी येईलच आता डबा घेऊन. आली की तिला म्हणू, बापाला सांग, घण पाण्यात ठेव. तोवर पाच-सहा घाव तर राहिलेत. नखभर तर पट्टी आहे.

ड्रायव्हरला तो म्हणाला, "काही नाही. लोखंड निवलं." त्यानं पाटा पुन्हा भट्टीत घातला, लाल केला, ऐरणीवर आणला आणि हातोड्यानं टकटक केली. इथे.

पहिला घाव बसला, दुसराही बसला. तिसऱ्या घावाला घण दांडा सोडून खाली आला, ऐरणीच्या कडेवर आदळला आणि उसळला. हातातलं वजन अचानक गेल्यानं धाकटा रिकाम्या दांड्यासकट पुढे झुकला होता. त्याचं डोकं नेमकं वाटेत आलं.

"छोट्या!" मिस्त्री ओरडला. लहानपणी तो भावाला याच नावानं हाक मारायचा. सहा वर्षांनी निघालेला हा पहिला शब्द रस्त्यापलीकडे ऐकू गेला. ज्याच्यासाठी होता त्याच्यापर्यंत तो पोचला की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही.

दवाखान्यात धाकटा दोन दिवस होता. श्वास चालू होता, बाकी काही नव्हतं. मिस्त्री खाटेजवळून हलला नाही आणि त्याचं तोंड क्षणभर बंद झालं नाही. नर्सनं दोनदा गप्प बसायला सांगितलं, तिसऱ्यांदा तिनंही सोडून दिलं. "छोट्या, तो पाटा बरोबर होता रे. तू केलेला. बाक अगदी बरोबर होता, मीच भलतं माप लावलं होतं. दुसऱ्याच दिवशी कळलं होतं मला. ऐकतोयस ना? तू जा त्या भट्टीवर. मिस्त्री हो. मी येईन घण मारायला तुझ्याकडे. तू विचार मला दांडा बघितला का म्हणून. विचार ना." धाकट्याची बायको भिंतीला टेकून हे ऐकत होती. इतकी वर्षं हे कुठं होतं, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटा गेला.

मग लोक आले. लोक अशा वेळी जे बोलतात ते बोलले. कुणाच्या हातात नव्हतं हो. होत्याचं नव्हतं झालं. ड्रायव्हरही आला, बिचाऱ्यानं निघायची घाई केली म्हणून स्वतःलाच दोष देत होता. धाकट्याच्या बायकोला तो म्हणाला, "मी समोरच होतो ताई. पापणी लवायच्या आत झालं. एकदम उडाला. त्याच्या जरा आधीच मिस्त्रींनी काम थांबवलं होतं, हातोडा आडवा ठेवला होता. तेव्हाच उठून चहाला गेलो असतो सगळे, तर वाचला असता माणूस."

टपाल आईच्या शेजारी बसली होती. तिनं मान वर केली. भट्टीतच वाढलेली पोर, हातोडा आडवा ठेवणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सगळी पांगापांग झाल्यावर ती काकांच्या घरात आली. मिस्त्री भिंतीकडे बघत बसला होता. काकू दिवा लावत होती.

"काका, तुम्ही हातोडा आडवा का ठेवला होता?"

काकूनं झटकन मागं वळून पाहिलं. बाईमाणूस, तिला सगळं एका क्षणात कळलं. "लोखंड निवलं असेल गं," ती म्हणाली. "निवलं की ठेवतात. हो ना हो?"

वाट मोकळी करून दिलेली होती. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. ड्रायव्हरला त्यानं तेच सांगितलं होतं आणि जग तेच धरून चाललं होतं. बायकोखेरीज आता त्याची म्हणावी अशी एवढी एक पोरगीच उरली होती आणि ती हातची जाणार, हे त्याला लख्ख दिसत होतं. तरीही त्याला खोटं बोलवेना. गप्प बसून झालं तेवढं पुष्कळ झालं होतं.

"मला दिसलं होतं," तो म्हणाला.

"काय दिसलं होतं?"

"दांडा. घण सुटत आलेला. मानेपाशी लाकूड चकाकत होतं."

"मग?"

"तू यायची वाट बघत होतो. तू डबा घेऊन आलीस की तुला सांगणार होतो, बापाला सांग म्हणून."

शब्द तोंडातून गेले आणि आपण पोरीच्या डोक्यावर काय ठेवलं, हे मिस्त्रीला कळलं. तो घाईनं म्हणाला, "तुझं काही नाही गं त्यात. तुझं काही नाही. मीच..." पण तिनं पुढचं ऐकलं नसावं. ती जागच्या जागी उभी होती. रडली नाही, ओरडली नाही, दांड्यावरून उडाली तर मुळीच नाही. तसं झालं असतं तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं. ती हळूच वळली, उंबरा ओलांडून अंगणात गेली आणि आपल्या घराचं दार तिनं ओढून घेतलं. त्या दिवसापासून ती काकाशी एक अक्षर बोलली नाही.

मिस्त्रीनं तिला हाका मारल्या. दारात उभं राहून मारल्या, रस्त्यात मारल्या. त्याच्या बायकोनं समजावलं, तिच्या आईनंसुद्धा समजावलं. त्या माउलीचा नवरा गेला होता, तरी ती म्हणाली, "टाक गं विसरून, तुझे काका तरी कुठं जिवंत आहेत." पोरीनं ऐकून घेतलं आणि ती भांडी घासायला बसली. कुठून शिकली म्हणून विचारायची सोयच नव्हती. सहा वर्षं दोघा तज्ज्ञांच्या मध्ये बसून ती जेवली होती.

दोन घरं चालवायची होती, म्हणून भट्टी पुन्हा पेटवावी लागली. टायरवाल्याचा मेहुणा घण मारायला आला. चाळिशीचा, दणकट, आणि तोंडाची टकळी सतत सुरू. मिस्त्रीला आता राग येत नसे. चहा गार आला तरी तो पिऊन टाकायचा. रोज सकाळी टाकीत हात घालून पाणी किती आहे ते बघायचा आणि मग विचारायचा, "दांडा बघितला?" दर तावाला विचारायचा. मेहुणा हसायचा, "मिस्त्री, आताच तर बघितला. लग्न लावताय का दांड्याशी माझं?"

परीक्षा संपल्यावर एका दुपारी डबा घेऊन टपाल आली. काकूचे गुडघे धरले होते आणि दुसरं कुणी नव्हतं, म्हणून. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. डबा बाकावर ठेवून ती परत फिरली, दोन पावलं गेली आणि थांबली. ऐरणीजवळ पाठीत वाकून उभ्या असलेल्या काकाकडे तिनं पाहिलं नाही. मेहुण्याच्या हातातल्या घणाकडे, त्याच्या मानेकडे ती बघत राहिली.

"त्यांना सांगा," ती मेहुण्याला म्हणाली, "दांडा बघून घ्या."

मेहुण्याला हसू आलं. "अगं, हे काय समोरच उभे आहेत, सांग की तूच." पण तिच्या चेहऱ्याकडे बघून तो वळला आणि म्हणाला, "मिस्त्री, पोरगी म्हणतेय, दांडा बघून घ्या."

मिस्त्रीनं सांडशी खाली ठेवली. मेहुण्याच्या हातातून घण घेतला, उजेडात धरला, मानेवरून बोट फिरवलं, पाचर अंगठ्यानं दाबून पाहिली. लाकूड ओलं होतं आणि घट्ट होतं. बराच वेळ तो ते बघत होता. पोरगी पाठमोरी उभी होती, पण गेली नव्हती.

"तिला सांग," मिस्त्री म्हणाला, "बघितला."